एकोणीस पेट्या

कॉलेजच्या ग्रुपवर काल सकाळी निरोप आला. भूविज्ञान विभागाच्या निवृत्त प्राध्यापिका डॉ. शैला टेंबे उज्जैनजवळच्या आगर गावी वारल्या. खाली आमच्या माजी प्राचार्यांनी चार ओळी टाकल्या होत्या. टेंबे मैडम मृदुभाषी थीं. सबको साथ लेकर चलती थीं. महाविद्यालय ने उनके शोधकार्य को सदैव प्रोत्साहन दिया. त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, कारण ग्रुपवर कोणी मेलं की लोक आधी हात जोडतात आणि मग वाचतात.

मी मात्र वाचलं. तीनदा वाचलं. तिन्ही वाक्यं खोटी होती. पहिलं वाचून बाई मोठ्याने हसल्या असत्या. दुसऱ्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं असतं. आणि तिसरं वाचल्यावर त्यांनी सरळ फोन उचलला असता आणि विचारलं असतं, "कौन सा प्रोत्साहन? किस तारीख को?" आता त्या विचारू शकत नाहीत. म्हणून मी लिहिते आहे. त्यांची बाजू मांडायला मी काही फार लायक माणूस नाही, पण ते पुढे येईलच.

मी रसायनशास्त्र शिकवते. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून साताऱ्याहून उज्जैनला आले आणि माधव नगरच्या बाजूच्या एका कॉलेजात लागले. माझी प्रयोगशाळा आणि भूविज्ञान विभाग यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच, प्लायवूडचा आडोसा होता. पहिल्याच आठवड्यात त्याच्या फटींतून वास यायला लागला. नासक्या अंड्यांचा. दोन दिवस मी आमच्याच बाटल्या हुंगत बसले. तिसऱ्या दिवशी तणतणत पलीकडे गेले.

खोलीभर लोखंडी मांडण्या होत्या आणि त्यांच्यावर घरात मासे पाळतात तसल्या काचेच्या पेट्या. मासा एकीतही नव्हता. कशात वाळू, कशात काळा चिखल, कशात पांढरा, वर बोटभर पाणी. मधे एका स्टुलावर साठीकडे झुकलेल्या, आखूड केसांच्या एक बाई पेटीच्या काचेला भिंग लावून बसल्या होत्या. सुती साडीवर पुरुषी मापाचा पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात स्टीलचा चमचा.

"मॅडम, तुमच्या खोलीतून फार घाण वास येतोय," मी म्हटलं.

वर न बघता त्या म्हणाल्या, "घाण हे काही नाव नाही. केमिस्ट्रीवाली नं तू? नाव सांग."

"वैशाली."

"तुझं नाही. वासाचं."

मी गडबडले. म्हटलं, "हायड्रोजन सल्फाइड."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "बरोबर. म्हणजे खालची हवा संपली. आता या मातीत लोहा असेल तर काय होईल?"

"काळं पडेल."

"कधी?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"मलाही नाही. म्हणून तर बसून राहिले आहे. उद्या ये, पडलं का बघू. आणि जाताना दार लाव. माझा वास बाहेर चालला आहे."

दुसऱ्या दिवशी मी गेले. पडलं नव्हतं. चौथ्या दिवशी पडलं. पांढऱ्या मातीत ठेवलेल्या एका मेलेल्या गांडुळाभोवती काजळाची रेघ ओढावी तशी बारीक काळी कड आली होती. बाईंनी रजिस्टरमध्ये दिवस आणि वेळ लिहिली आणि शेजारी लिहिलं, "वैशाली हजर."

त्या काय करत होत्या ते मला हळूहळू समजलं. प्राणी मेला की हाडं उरतात, दात उरतात, शिंपले उरतात. त्यांचे दगड होतात आणि ते आपल्याला सापडतात. पण पृथ्वीवर प्राण्यांची सुरुवात झाली तेव्हा हाडं नव्हती, दात नव्हते, शिंपले नव्हते. होती ती नुसती मऊ अंगं, गांडुळासारखी, जळवेसारखी. असलं अंग थोड्याच दिवसांत पार नाहीसं होतं. आणि तरीही कुठे कुठे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडात अशा जिवांचे ठसे मिळतात, क्वचित आतड्यासकट. त्या थोड्या दिवसांत तिथे असं काय झालं की कुजणं थांबलं? एवढाच बाईंचा प्रश्न होता. त्यासाठी खाणी धुंडाळण्यापेक्षा कुजणंच नीट पाहायचं त्यांनी ठरवलं होतं. माळव्याची काळी माती, चिनी माती, नदीची वाळू, आणि शेवाळाचा थर धरलेली वाळू, या प्रत्येकात तोच प्राणी तसाच पुरायचा आणि ठरल्या दिवशी उघडून काय राहिलं ते बघायचं.

"सगळ्यात आधी काय जातं, माहीत आहे?" त्यांनी मला एकदा विचारलं. "त्याच्या खास खुणा. ज्याच्यावरून तो कोण हे ओळखू येतं, नेमकं तेच आधी सडतं. मागे राहते एक नळी. मग कोणी विद्वान दगडात ती नळी बघतो आणि म्हणतो, किती साधा प्राणी होता! अरे, तो साधा नव्हता. उरलेला साधा आहे."

हे बोलताना त्या चिडल्या होत्या. कोणावर, ते कळलं नाही. जगातल्या कुठल्याशा विद्वानावर असेल. बाईंना राग कमी पडलेला मी कधी पाहिला नाही. 'साधारण', 'जवळजवळ', 'लगभग' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एका मुलाने प्रॅक्टिकलला "लगभग गोल" लिहिलं, तर त्याला मोजपट्टी देऊन म्हणाल्या, "नाप. गोल नहीं है तो कितना नहीं है, वो लिख." त्यांची स्वतःची मराठी निम्मी हिंदी होती. त्यांचे कोणी पणजोबा-खापरपणजोबा शिंद्यांच्या दरबारात कारकुनीला होते म्हणे, तेव्हापासूनचे ते उज्जैनचे. माझ्या साताऱ्याच्या मराठीला त्या हसायच्या. "तुझी मराठी इस्त्री केलेली आहे," म्हणायच्या, "माझी वापरलेली."

प्राणी त्या मारत नसत. देवास गेटजवळ एक म्हातारे वैद्य होते. ते दुखऱ्या जागी जळवा लावून रक्त काढायचे, आणि त्यांच्याकडे मरतील त्या जळवा बाईंसाठी बरणीत ठेवायचे. दर गुरुवारी बाई ती बरणी आणायला जात आणि वैद्यांशी भांडून येत, कारण वैद्य जोंक, म्हणजे जळू, कधी मेली ते सांगताना "परसों-तरसों" म्हणायचे. "परसों या तरसों?" बाई विचारायच्या. अखेर वैद्यांनी बरणीवर चिठ्ठी लावायला सुरुवात केली. वेळेसकट.

मुलं त्यांना पाठीमागे 'सड़ी मैडम' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. संगीता परमार नावाची आगरची एक मुलगी होती, तिने पहिल्याच तासाला उभं राहून विचारलं, "मैडम, जीव को ऐसे सड़ाने में पाप नहीं लगता?" बाई म्हणाल्या, "मारने में लगता होगा. सड़ने का काम तो वो खुद कर लेता है. अपन सिर्फ देखते हैं. और देखने में अगर पाप है तो तू आँखें बंद करके बैठ." संगीता बसली, पण तिने डोळे काही मिटले नाहीत. पुढे तीन वर्षं ती त्या पेट्यांच्या आसपासच असायची.

थंडीत पाणी उतरलं की बाई मुलांना क्षिप्रेच्या राम घाटावर न्यायच्या. एकदा मीही गेले. घाटाच्या टोकाला, पायऱ्या संपतात तिथल्या चिखलात त्या चमचा घेऊन उकिडव्या बसल्या. तेवढ्यात वरून एक पंडित ओरडत आले, "मैडम जी, यहाँ खुदाई मत करो, जजमान आ रहे हैं!"

"खुदाई नहीं कर रही, पंडितजी. आपका ही चढ़ाया फूल ढूँढ रही हूँ."

त्यांनी शेवाळाचा हिरवा पापुद्रा चमच्याने अलगद उचलला. खाली झेंडू होता. चपटा झालेला, पण पाकळी न् पाकळी मोजता येईल असा. हातभर अंतरावर दुसरा झेंडू होता, त्याचा नुसता तपकिरी डाग उरला होता. बाई मुलांकडे वळल्या. "एक ही नदी, एक ही कीचड़. एक बचा, एक गया. क्यों?"

पंडित दोन पायऱ्या खाली उतरले, वाकून दोन्ही फुलं पाहिली आणि म्हणाले, "इस पर काई चढ़ गई थी, उस पर नहीं चढ़ी. और क्या?"

बाई अशा काही संतापल्या! पंडितांवर नव्हे, मुलांवर. "बी.एस्सी. कर रहे हो और जवाब पंडितजी दे रहे हैं!" त्यांनी तिथेच हजेरी काढून सगळ्यात वर पंडितांचं नाव लिहिलं आणि पुढे दहापैकी दहा. पंडितांना ते इतकं आवडलं की पुढे दर थंडीत ते कोणाकडून तरी निरोप धाडायचे, "मैडम को बोलना, उस तरफ काई अच्छी चढ़ी है."

हे सगळं आठवलं की बरं वाटतं. म्हणून यातच रमून जायची माझी इच्छा आहे. पण मग मीही त्या ग्रुपवाल्यांसारखीच झाले.

तर ती फरशी. एका खाणमालकाने प्राचार्यांना वालुकाश्माची एक भली थोरली फरशी भेट दिली. तिच्यावर मधोमध एक गोल खूण होती आणि तिच्यातून चहूकडे रेषा गेल्या होत्या, मुलं सूर्य काढतात तशा. प्राचार्यांनी ठरवून टाकलं की हा जगातला सर्वात जुना प्राणी. त्यासाठी कॉलेजच्या दारात काचेचं मखर होणार होतं. मंडप पडला, पत्रकार आले, फलक कोरून तयार होता. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात बाईंनी प्राचार्यांना लेखी कळवलं होतं की हा प्राणी नाही. ते पत्र कोणी उघडलं नाही, किंवा उघडून बाजूला ठेवलं. आणि कार्यक्रमात सूत्रसंचालकाने पुकारलं, "अब हमारी विशेषज्ञ डॉक्टर टेंबे इस अद्भुत जीव के बारे में बताएँगी."

बाई माईकपाशी गेल्या. "यह जीव नहीं है," त्या म्हणाल्या. "यह सब्बल का निशान है. पत्थर निकालते समय जहाँ चोट पड़ी, वहाँ से दरारें फैल गईं. उम्र ज़्यादा से ज़्यादा छह महीने."

सब्बल म्हणजे पहार. मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग मंडपच हसायला लागला. प्राचार्य हसत नव्हते. बाईही हसत नव्हत्या. त्यांना कोणाची फजिती करायचीच नव्हती. त्यांना विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं, एवढंच. हे मी प्राचार्यांना तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. पण मी नवीन होते, माझं कायम होणं त्यांच्या हातात होतं, आणि मी गप्प बसले.

त्यानंतर काय काय झालं ते बारीकसारीक आहे. भूविज्ञानाचा दुसरा पंखा काढून नेला. चाव्या ऑफिसात जमा करायचा हुकूम निघाला. "बदबू" या विषयावर बाईंना दोन नोटिसा आल्या. बाईंनी उत्तरात विचारलं, कौन सी बदबू, नाम बताइए.

तोवर एकतीस पेट्यांपैकी बारा उघडून झाल्या होत्या. राहिल्या एकोणीस. त्या तीन वर्षांनी उघडायच्या. त्यांना सव्वादोन वर्षं झाली होती, आणि खरं काम त्यांच्यातच होतं. पहिल्या काही महिन्यांत काय होतं ते जगात बऱ्याच जणांनी पाहिलंय, बाई सांगायच्या, पण त्याच्या पुढे बसायला कोणाला फुरसत नाही. अशी पेटी एकदाच उघडता येते. मधे हात लावला, नुसती हलवली, तरी संपली. म्हणून त्या मांडणीला बाईंनी दोरी बांधली होती आणि त्यांचा अटेंडंट रामप्रसाद झाडूसुद्धा दोरीच्या अलीकडेच थांबवायचा.

त्या वर्षी तपासणीची समिती येणार म्हणून कॉलेज धुऊनपुसून काढणं चाललं होतं. नेमकं त्याच आठवड्यात बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इंदूरला गेल्या. जाताना माझ्या दारात थांबून म्हणाल्या, "आठ दिवस नाही आहे. नजर ठेव."

आणि मी काय केलं? जुन्या सामानाची, फेकून द्यायच्या वस्तूंची यादी निघाली होती. तिच्यावर कमेटी म्हणून आजूबाजूच्या विभागांतल्या तिघांच्या सह्या लागत होत्या. ऑफिसातला माणूस वऱ्हांड्यात कागद घेऊन आला तेव्हा मी तासाला निघाले होते. चार पानं. मोडकी स्टुलं, फुटके ब्युरेट, दोन फ्रिज. मी कागद भिंतीला टेकवला, शेवटचं पान उलटलं आणि सही केली. तिसऱ्या पानावर सतराव्या नंबरला लिहिलं होतं, "काँच के डिब्बे, सड़े पानी एवं कीचड़ सहित, १९ नग."

दुपारी पलीकडून पाण्याचा आवाज आला. मी मुलांना सांगितलं, "दार लावा, बोलणं ऐकू येत नाही."

सोमवारी बाई आल्या. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा हिरवट-काळा चष्मा. मांडण्या पुसून लखलखत होत्या, खोलीला फिनाइलचा वास येत होता. रामप्रसाद दारात उभा होता. त्याने सांगितलं की तो नाही म्हणाला होता, तेव्हा प्राचार्य स्वतः येऊन उभे राहिले आणि म्हणाले, लिस्ट में है. पेट्या मागच्या नाल्यात रिकाम्या झाल्या. त्याने एवढंच केलं होतं की काचांवरच्या चिठ्ठ्या ओल्या करून सोडवल्या आणि वहीत घालून ठेवल्या होत्या. त्या एकोणीस चिठ्ठ्या त्याने पुढे केल्या.

"चिट्ठी बचाई!" बाई किंचाळल्या. "चिट्ठी किस काम की, रामप्रसाद? डिब्बे पर लेट जाते!"

साठीला आलेला तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. त्याच्यावर हा अन्याय होता. बाईंनी त्याची माफी कधी मागितली नाही, आणि हे मला त्यांचं आवडलेलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही.

मग त्या प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले, पण आत जायचं धैर्य झालं नाही. दार उघडंच होतं.

"मैडम, आप समझिए," प्राचार्य म्हणत होते, "सड़ा हुआ पानी था."

"हाँ. सड़ा हुआ था. सवा दो साल से सड़ रहा था. वही मेरा काम था. आपको किसने बताया कि वह कचरा है?"

"कमेटी ने. तीन सदस्यों की सही है." त्यांनी यादी पुढे सरकवली.

काळ्या चष्म्यातून बाईंना अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पाणी गळणाऱ्या डोळ्यांनी कागद नाकाशी धरला आणि बराच वेळ वाचला. चारही पानं. मग बाहेर आल्या. माझ्यासमोर कागद धरून माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"वाचलं होतंस?"

"नाही," मी म्हटलं. रडायला येत होतं.

"वाचून केली असतीस तर भांडले असते तुझ्याशी. विचारलं असतं, काय समजून हा कचरा वाटला तुला. आता काय विचारू?"

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. प्लायवूडपलीकडे वासही नव्हता.

त्यांनी वर तक्रार केली. चौकशी बसली आणि दोन ओळींत संपली. कार्यवाही नियमानुसार हुई, तीन सदस्यों के हस्ताक्षर विधिवत हैं. म्हणजे प्राचार्यांनी पुढे धरलेली ढाल माझ्या नावाची होती. हे समजल्यावर मला स्वतःची इतकी चीड आली की जेवण जाईना. नवरा म्हणाला, "अगं, चिखलच होता ना शेवटी." मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. पण त्याच्यावर कशाला रागवायचं? सही करताना मी तेवढाही विचार केला नव्हता.

वर्षभराने बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल होती, श्रीफळ होतं, समोसे होते. प्राचार्यांनी भाषणात 'समर्पण' हा शब्द पाच-सहा वेळा वापरला. उत्तराला बाई उभ्या राहिल्या आणि पर्समधून रामप्रसादने सोडवलेल्या चिठ्ठ्या काढल्या. त्याला शिव्या दिल्या होत्या, पण एकही चिठ्ठी टाकली नव्हती.

"डिब्बा क्रमांक तेरह," त्यांनी वाचलं. "काली मिट्टी. जोंक, एक. तीन साल पर खोलना था. नहीं खुला."

चिठ्ठी टेबलावर ठेवली. दुसरी घेतली.

"डिब्बा क्रमांक चौदह. चीनी मिट्टी. जोंक, एक. तीन साल पर खोलना था. नहीं खुला."

तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीपर्यंत लोकांना वाटलं, काही गंमत आहे. सातव्याला कुजबुज थांबली. नवव्याला प्राचार्य उठून हसत म्हणाले, "मैडम, चाय ठंडी हो रही है."

"हो जाने दीजिए," बाई म्हणाल्या. "डिब्बा क्रमांक बाईस."

आवाज चढला नाही, पडला नाही. एकोणीस चिठ्ठ्या, एकोणीस वेळा 'नहीं खुला'. प्राचार्य उभे होते ते उभेच राहिले, कारण मधे बसायचं कधी ते त्यांना ठरवता येईना. दारात रामप्रसाद होता. मागे संगीता परमार होती, आगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती, खास आली होती. शेवटची चिठ्ठी वाचून बाई खाली बसल्या. शाल घडीतच टेबलावर राहिली. कोणी टाळी वाजवली नाही. मीही नाही. मी उभं राहून एवढं म्हणू शकले असते की या यादीवर माझी सही आहे. तेही म्हटलं नाही.

मग संगीताने आपल्या शाळेच्या मागची रिकामी खोली बाईंना दिली, आणि साठी उलटलेल्या त्या बाईने पहिल्यापासून सुरुवात केली. पेटी क्रमांक एकपासून. तीन वर्षांच्या हिशेबाने. कालच्या बातमीनंतर मी संगीताला फोन केला. ती रडत नव्हती. म्हणाली, "बारह खुल गए, मैडम के सामने. बाकी अगले बरस खुलेंगे. तारीख लिखी है. मैं खोलूँगी."

कॉलेजच्या फायलीत माझी दोन पत्रं आहेत. कोणी कधी ती फाईल काढली तर त्याला नवल वाटेल की हिने एकच गोष्ट दोनदा का लिहून दिली. पहिलं मी निरोप समारंभानंतरच्या आठवड्यात दिलं. त्या रात्री लाजेने झोप लागली नव्हती. त्यात लिहिलं की त्या पेट्या कचरा नव्हत्या, तो चालू प्रयोग होता, आणि 'उक्त सूची पर मुझसे असावधानीवश हस्ताक्षर हो गए.' त्याबद्दल मला मेमो मिळाला, माझं कायम होणं वर्षभर लांबलं, आणि मला वाटलं, फिटलं. एक प्रत बाईंना पोस्टाने पाठवली. उत्तर आलं नाही.

दोन महिन्यांनी देवास गेटच्या स्टँडवर मला त्या दिसल्या. आगरच्या बसपाशी कंडक्टरशी वाद चालला होता. पायाशी चिनी मातीचं पोतं.

"इसमें है क्या?" कंडक्टर विचारत होता.

"मिट्टी."

"मिट्टी तो आगर में भी मिलती है, माताजी."

"यह वाली नहीं मिलती. और ऊपर छत पर नहीं रखूँगी, भीगेगी. मेरे पास रहेगी."

कंडक्टर हरला. बाई पोत्यासकट आत गेल्या, खिडकीत बसल्या. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. त्यांनीच काच सरकवली.

"तुझं पत्र वाचलं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, मला फार—"

"ते राहू दे. 'हस्ताक्षर हो गए' काय लिहिलंस? हस्ताक्षर आपोआप होऊन जातात का? पाऊस आहे का तो?" वर्षभरानंतर पहिल्यांदा त्या माझ्यावर मनापासून रागावल्या होत्या. "आणि असावधानी कसली? असावधानी म्हणजे ठेच लागणं. तू उभी होतीस, कागद हातात होता, तू वाचला नाहीस. 'मैंने बिना पढ़े हस्ताक्षर किए.' असं लिही. दुसरं पत्र दे."

"देते."

"केव्हा?"

"उद्या."

"उद्या किती वाजता?"

इंजिन सुरू झालं. मी ओरडून म्हटलं, "साडेदहा!" त्यांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही. शेजारच्या माणसाने आपले जोडे पोत्यावर टेकवले होते आणि बाई तिकडे वळल्या होत्या. "पैर हटाइए, भाईसाब. हटाइए, दब रही है." तो काहीतरी पुटपुटला असावा, कारण त्यांचा आवाज चढला. बस स्टँडातून वळली तेव्हा तो माणूस सीट सोडून उभा राहिला होता, आणि बाई वाकून दोन्ही हातांनी ते पोतं आपल्या बाजूला ओढत होत्या.